खोडावरच्या नोटिशीपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत

महाराष्ट्रातल्या शहरात एखादे झाड तोडायचे असेल तर १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार त्याची जाहीर नोटीस दोन ठिकाणी द्यावी लागते. एक स्थानिक वर्तमानपत्रात आणि दुसरी थेट त्या झाडाच्या खोडावर, येणाऱ्याजाणाऱ्याला सहज दिसेल अशा जागी. कायदा झाला त्या काळी ही तरतूद पुरेशी होती. सकाळी पेपर वाचणाऱ्याला कळले आणि झाडाखालून जाणाऱ्याला कळले, म्हणजे सगळ्यांना कळले असे धरून चालत. ज्याची हरकत असेल त्याने ती कागदावर लिहावी, कचेरीत नेऊन द्यावी, पोच घ्यावी आणि सुनावणीची वाट पाहावी.

गोरेगावच्या आरे कॉलनीत मेट्रोच्या कारशेडवरून २०१४ पासून २०२३ पर्यंत जो वाद चालला, त्या वादात बातमी पोहोचवण्याची ही सगळी रीत बदलून गेली. हा इतिहास पर्यावरण विरुद्ध विकास अशा अंगाने पुष्कळदा सांगितला गेला आहे. इथे तो दुसऱ्या बाजूने सांगायचा आहे. झाडे तोडली जाणार ही बातमी कोणाला, कधी आणि कशातून कळली, आणि कळल्यावर त्या बातमीचे पुढे काय झाले? या प्रश्नांचा माग काढला की एक गोष्ट स्पष्ट दिसते. नव्या तंत्राने बातमी प्रसिद्ध करण्याची सत्ता सामान्य माणसाच्या हातात दिली आणि वेगही दिला. पण निर्णय प्रत्येक वेळी झाला तो लेखी, तारीखवार, तपासता येणाऱ्या नोंदींवर. आणि अशा नोंदी रोजच्या रोज करणाऱ्या शहरातल्या वर्तमानपत्रांचा पाया नेमका याच दहा वर्षांत खचत गेला.

दुधाची वसाहत

आरे कॉलनी १९४९ साली उभी राहिली. मुंबई शहरात ठिकठिकाणी म्हशींचे तबेले होते, घाण होती आणि दुधातली भेसळ नित्याची होती. दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी तबेले शहराबाहेर हलवून एका जागी आणण्याची योजना आखली आणि गोरेगाव, मरोळच्या टेकड्यांमधली तीन हजार एकरांहून अधिक जमीन त्यासाठी घेण्यात आली. १९५१च्या मार्चमध्ये पंडित नेहरू इथे आले आणि त्यांनी रोप लावले. याच कामासाठी १९६३ साली खुरोडी यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

सरकारी कागदावर ही जमीन दुग्धविकास खात्याची झाली. पण तबेल्यांची युनिटे उभी राहण्याच्या कितीतरी आधीपासून इथे माणसे राहत होती. केलटीपाडा, दामूचा पाडा, खांबाचा पाडा, नवशाचा पाडा, प्रजापूर पाडा असे वारली आणि इतर आदिवासींचे पाडे या टेकड्यांत विखुरलेले होते. आजही आरेत २७ पाडे असल्याचे सांगितले जाते. कुंपणापलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. बिबट्याला हे कुंपण ठाऊक नाही, त्यामुळे तो दोन्हीकडे फिरतो.

या जमिनीचे तुकडे पडण्याची सुरुवात मेट्रोच्या फार आधी झाली. १९७७ मध्ये चित्रनगरी इथे आली आणि मुंबईच्या सिनेमाला जंगल, गाव, डोंगर असे हवे ते देखावे एका आवारात मिळू लागले. पुढे आणखी संस्था आल्या. प्रत्येक वेळी निर्णय मंत्रालयात झाला, त्याचा कागद निघाला, आणि पाड्यातल्या माणसाला तो कळला तेव्हा मोजणीचे लोक दारात उभे होते. पाड्यावर वर्तमानपत्र टाकायला कोणी येत नव्हते. कित्येक घरांत वीजही उशिरा आली. जाहीर नोटीस आणि ज्यांच्यावर तिचा परिणाम व्हायचा ती माणसे यांच्यात अंतर होते, आणि ते अंतर कायद्याला दिसत नव्हते.

पहिली नोटीस, जुनी रीत

कुलाबा, वांद्रे आणि सीप्झ यांना जोडणारी मेट्रो ३ ही मुंबईची पहिली पूर्ण भुयारी मार्गिका. लांबी ३३.५ किलोमीटर. केंद्र आणि राज्य यांची मिळून झालेली मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशन ही कंपनी ती बांधणार होती आणि जपानच्या जायका संस्थेचे कर्ज त्यामागे होते. लोकलच्या दारात लटकून रोज जीव धोक्यात घालणाऱ्या शहराला या मार्गिकेची गरज होती, याबद्दल फारसे दुमत नव्हते. प्रश्न होता तो गाड्या धुण्यासाठी, दुरुस्त करण्यासाठी आणि रात्री उभ्या करण्यासाठी लागणाऱ्या कारशेडचा. त्यासाठी आरेतली सुमारे ३३ हेक्टर जागा निवडली गेली आणि २०१४च्या अखेरीस तिथली दोन हजारांहून अधिक झाडे हटवण्याचा प्रस्ताव महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणापुढे आला.

तेव्हाचा विरोध जुन्या वळणाचा होता. वर्तमानपत्रात बातमी आली, ती वाचून गोरेगाव, पवई, अंधेरीतले काही रहिवासी आणि निसर्ग अभ्यासक एकत्र आले. हरकतींची पत्रे लिहिली गेली. रविवारी आरेच्या रस्त्यावर हातात फलक घेऊन मानवी साखळी झाली. फेसबुकवर गट निघाला खरा, पण त्याचा मुख्य उपयोग कुठे आणि किती वाजता जमायचे हे कळवण्यापुरता होता. सरकारवर दडपण आणण्याचे काम छापील बातम्यांनी आणि दूरचित्रवाणीने केले.

त्या दडपणाचा परिणाम झाला. २०१५च्या मार्चमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तांत्रिक समिती नेमली. समितीने काही बदल सुचवून आरेकडेच कौल दिला, पण राकेश कुमार आणि श्याम आसोलेकर या दोन तज्ज्ञ सदस्यांनी वेगळे मत लेखी नोंदवले. कारशेडसाठी कांजुरमार्गची जागा योग्य ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते. अहवालाला जोडलेली ती भिन्नमतपत्रिका पुढची कित्येक वर्षे न्यायालयात, विधिमंडळात आणि लेखांमध्ये पुन्हा पुन्हा उद्धृत होत राहिली. एखादी नोंद किती टिकते आणि किती कामी येते, याचा आरेच्या वादातला हा पहिला धडा.

मधली पाच वर्षे

पहिल्या प्रस्तावापासून २०१९च्या नव्या प्रस्तावापर्यंत पाच वर्षे गेली. या पाच वर्षांत कारशेडच्या आराखड्यापेक्षा मोठा बदल लोकांच्या खिशात झाला.

२०१६च्या एप्रिलमध्ये फेसबुकने थेट प्रक्षेपणाची सोय सर्वांसाठी खुली केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ बाजारात आले आणि इतर कंपन्यांनाही इंटरनेटचे दर पाडावे लागले. तोवर महिन्याचा डेटा जपून वापरणारा माणूस दिवसाचा डेटा दिवसात संपवू लागला. व्हॉट्सअॅपच्या एका गटात २५६ माणसे मावू लागली. देवनागरीत लिहिता येणारे कळफलक साध्या फोनवर आले, आणि ज्याला इंग्रजीत पोस्ट लिहिणे कधी जमले नसते तोही मराठीत चार ओळी लिहून गटात टाकू लागला. वाहिनीची व्हॅन, उपग्रहाची तबकडी आणि कॅमेरामन यांच्याशिवाय जे दाखवता येत नव्हते, ते आता युनिटच्या नाक्यावर उभा असलेला कोणताही मुलगा दाखवू शकत होता.

माहितीचा दुसरा साठाही याच सुमारास भरत होता. आरे ही नुसती गवताळ पडीक जमीन आहे, इथे वाचवण्यासारखे काय आहे, असा सवाल केला जाई. त्याला उत्तर देणारे पुरावे निसर्ग अभ्यासकांनी शास्त्रीय नियतकालिकांतून आधीच मांडायला सुरुवात केली होती. झीशान मिर्झा आणि राजेश सानप यांनी २०१० साली आरेतून विंचवाची एक नवी जात जगापुढे आणली. तिच्या शास्त्रीय नावातच आरे आहे: लायकास आरेएन्सिस. राष्ट्रीय उद्यान आणि आरे परिसरात लावलेल्या कॅमेऱ्यांनी बिबट्यांची छायाचित्रे टिपली. शास्त्रज्ञांपुरती राहिली असती अशी ही माहिती आता फोनवरून फिरू लागली आणि अंधेरीतल्या सोसायटीच्या गटात बिबट्याचा फोटो दिसू लागला.

आणि पाड्याचा आवाज प्रथमच मधल्या माणसाशिवाय बाहेर पडला. २०१९ साली स्वदेशी या मुंबईच्या रॅप गटाने ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे यूट्यूबवर आणले. त्यात केलटीपाड्याचे प्रकाश भोईर यांचा सहभाग होता. पूर्वी पाड्यातल्या माणसाचे म्हणणे बातमीदाराने ऐकायचे, टिपायचे, संपादकाने कापायचे आणि जागा उरली तर छापायचे. इथे भोईर स्वतःच्या आवाजात बोलत होते आणि ऐकणारी पोरे कॉलेजात बसून ते ऐकत होती. आरे वाचवण्याच्या चळवळीत तरुणांची जी लाट २०१९ मध्ये आली, तिच्यामागे अशी कितीतरी छोटी प्रकाशने होती.

ऐंशी हजार हरकती

२०१९च्या प्रस्तावात २,६४६ झाडे होती. त्यातली २,१८५ तोडायची आणि ४६१ दुसरीकडे नेऊन लावायची. कायद्याप्रमाणे हरकती आणि सूचना मागवल्या गेल्या. त्या आल्या ऐंशी हजारांहून जास्त. वृक्ष प्राधिकरणाच्या दफ्तरी असा ओघ कधी आला नव्हता.

हा ओघ शक्य झाला तो ईमेलमुळे. मोहिमा चालवणाऱ्या संस्थांनी मजकूर तयार ठेवला. नागरिकाने नाव लिहायचे, बटण दाबायचे, की हरकत थेट महापालिकेच्या पत्त्यावर. कचेरीत जायला रजा काढावी लागली नाही, पोच घ्यायला रांग लागली नाही. ज्या शहरात सकाळी सातला निघालेला माणूस रात्री नऊला घरी पोहोचतो, त्या शहरात लोकशाहीतला हा सहभाग पहिल्यांदाच परवडण्याजोगा झाला, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

पण सोयीची एक दुसरी बाजूही होती. एकाच मजकुराच्या हजारो हरकती आल्या की वाचणारा त्या वाचत नाही, मोजतो. कायद्याला हरकतीतला मुद्दा हवा असतो आणि चळवळीला आकडा हवा असतो. ऐंशी हजारांच्या आकड्याने वर्तमानपत्रांचे मथळे मिळवले. प्राधिकरणाच्या सभागृहात मात्र मते मोजली गेली ती सदस्यांची. २९ ऑगस्ट २०१९ रोजी ८ विरुद्ध ६ अशा मतांनी प्रस्ताव मंजूर झाला. त्यानंतर दोन तज्ज्ञ सदस्यांनी राजीनामे दिले.

पुढचा महिना आरेचा विषय शहरभर झाला. लता मंगेशकर यांनी ट्विटरवरून झाडे तोडण्याला विरोध केला. अमिताभ बच्चन यांनी मेट्रोची बाजू घेणारे ट्विट केले, तर त्यांच्या घरासमोर तरुण फलक घेऊन उभे राहिले. दर रविवारी पावसात भिजत शेकडो माणसे आरेत जमू लागली. मेट्रो कंपनीही गप्प बसली नव्हती. व्यवस्थापकीय संचालक अश्विनी भिडे स्वतः ट्विटरवर उत्तरे देत होत्या. झाडे आयुष्यभरात जेवढा कार्बन शोषतील त्याची भरपाई मेट्रोच्या काही दिवसांच्या फेऱ्यांतच होते, असे गणित कंपनीने मांडले. पूर्वी अधिकारी पत्रकार परिषद घेत, प्रश्न विचारला जाई, उत्तर तपासले जाई आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजू एका पानावर येत. आता प्रत्येक बाजू आपापल्या अनुयायांशी थेट बोलत होती. कार्बनचे गणित बरोबर की चूक हे वाचकाला शेजारी बसून समजावून सांगणारे पान दिवसेंदिवस अरुंद होत चालले होते.

चार दिवस

शुक्रवार, ४ ऑक्टोबर २०१९. मुंबई उच्च न्यायालयाने वनशक्ती संस्था, कार्यकर्ते झोरू बाथेना आणि इतरांच्या याचिका फेटाळल्या. आरेला वन मानायचे की नाही हा विषय सर्वोच्च न्यायालय आणि हरित लवादापुढे असल्याने आपण त्यात जाणार नाही, असे न्यायालयाने सांगितले.

त्याच रात्री आरेत करवती सुरू झाल्या. ही बातमी कोणत्याही वर्तमानपत्राने किंवा वाहिनीने आधी दिली नाही. आतल्या अंधारातून यंत्राचा आवाज आणि झाड कोसळल्याचा कडकडाट ऐकू येणारे छोटे व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर आले. काही जणांनी थेट प्रक्षेपण सुरू केले. ‘झाडे तोडतायत, लगेच या’ अशा आशयाचे निरोप गटागटांतून फिरले आणि काही तासांत शेकडो माणसे कारशेडच्या दारात पोहोचली. कोणी जेवण अर्धवट टाकून आले, कोणी रिक्षात बसल्या बसल्या पुढच्या दहा जणांना निरोप पाठवला. अडथळे ओलांडून माणसे आत घुसली. पोलिसांची कुमक आली.

शनिवारी पहाटेपासून आरेत जमावबंदी लागू झाली. आत जाणारे रस्ते बंद करण्यात आले, पाड्यातल्या लोकांनाही ओळखपत्र दाखवून जावे लागले. २९ जणांना अटक झाली, त्यात विद्यार्थीही होते. रस्ते बंद झाल्यावर आत काय चालले आहे हे सांगणारे उरले ते पाड्यातले आणि वस्तीतले फोन. किती झाडे पडली याचे आकडे तासातासाला बदलत होते, कारण जो तो आपल्याला दिसले तेवढे सांगत होता आणि सगळे मिळून मोजणारा कोणी जागेवर नव्हता.

याच शनिवारी एक वेगळाच वाद पेटला आणि तो होता प्रसिद्धीचा. कायद्यानुसार परवानगी दिल्यानंतर १५ दिवस झाड तोडता येत नाही. परवानगीचा आदेश महापालिकेच्या संकेतस्थळावर आत्ताच चढवला, मग १५ दिवस कसे झाले, असा आंदोलकांचा सवाल होता. भिडे यांनी ट्विटरवर उत्तर दिले की आदेश १३ सप्टेंबरलाच निघाला होता, १५ दिवसांची मुदत २८ सप्टेंबरला संपली आणि त्यानंतरही न्यायालयाच्या निकालापर्यंत वाट पाहिली. आदेशावर सही झाली तो दिवस धरायचा, की लोकांना तो वाचायला मिळाला तो? १९७५ साली हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. संकेतस्थळ ही सरकारी सूचनेची मुख्य जागा बनली, पण तिथे काय, कधी आणि कोणत्या तारखेला प्रसिद्ध झाले याला कायद्याने ठोस अर्थ दिलेला नव्हता. हजारो झाडांचा प्रश्न या एका फटीत अडकला.

रविवारी अटक झालेल्यांना जामीन मिळाला. त्याच दिवशी कायद्याचा विद्यार्थी ऋषव रंजन याच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाला दसऱ्याची सुटी होती. तरीही न्यायालयाने ते पत्रच जनहित याचिका मानले आणि संध्याकाळी आपल्या संकेतस्थळावर सूचना टाकली की उद्या विशेष खंडपीठ बसेल. पत्र लिहिल्यापासून सुनावणीपर्यंत जेमतेम एक दिवस गेला. टपालाच्या काळात हे घडले नसते.

सोमवारी, ७ ऑक्टोबरला, न्यायमूर्ती अरुण मिश्रा आणि अशोक भूषण यांच्या खंडपीठाने पुढची तोड थांबवली. अजून अटकेत असलेल्यांना सोडून द्यावे, असेही सांगितले. पण जेवढी झाडे तोडणे गरजेचे होते तेवढी तोडून झाली आहेत, असे राज्याच्या वतीने न्यायालयाला सांगण्यात आले. मेट्रो कंपनीने त्याच दिवशी आकडा दिला: २,१४१.

या चार दिवसांत बातमी विजेच्या वेगाने धावली आणि करवत तिच्याही पुढे गेली. शुक्रवारी रात्री शहर जागे झाले, रविवारी देशाचे सरन्यायाधीश जागे झाले, आणि तरीही सोमवारी थांबवण्यासारखे फार थोडे उरले होते. बातमी लवकर कळली म्हणजे वेळ मिळाला असे होत नाही. वेळ मिळवून देते ती प्रक्रिया. सुनावणी, मुदत, स्थगिती. ती आपल्याच वेगाने चालते आणि तिथे लोकांच्या फोनचा उपयोग संपतो.

त्याच आठवड्यात बंद पडलेला पेपर

आरेची झाडे पडली त्याच आठवड्यात मुंबईच्या वर्तमानपत्रांच्या इतिहासातली आणखी एक घटना घडली. २००५ साली मुंबईत सुरू झालेल्या डीएनए या इंग्रजी दैनिकाने १० ऑक्टोबर २०१९ पासून मुंबई आणि अहमदाबादच्या छापील आवृत्त्या बंद केल्या. वाचक मोबाइलकडे वळला आहे, म्हणून आपणही डिजिटलकडे जात आहोत, असे कारण दिले गेले. पुढच्या वर्षी, २०२०च्या डिसेंबरमध्ये, करोनाच्या फटक्यात मुंबई मिररचा दैनिक अंक थांबला.

हे दोन्ही पेपर शहराच्या बातम्यांसाठी ओळखले जात. महापालिकेच्या सभेत दिवसभर बसून राहणारा, वृक्ष प्राधिकरणाची कार्यक्रमपत्रिका मिळवणारा, एखाद्या प्रस्तावातले एक वाक्य पाहून उद्या कुठली झाडे जाणार हे ओळखणारा बातमीदार अशा पेपरांच्या पगारावर जगत होता. छापील जाहिरातीचे उत्पन्न गूगल आणि फेसबुककडे गेले तसे पहिले गंडांतर अशा बातमीदारांवर आले, कारण त्यांच्या बातम्यांना वेळ लागतो आणि सगळ्याच काही गाजत नाहीत. आरेचे व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिले. पण झाडांची मूळ संख्या, मतदानाचा आकडा, दोन तज्ज्ञांचे भिन्नमत, १३ सप्टेंबर ही तारीख, यातले काहीही व्हिडिओतून बाहेर आले नव्हते. ते कागदांतून आले आणि ते कागद वर्षानुवर्षे वाचणारी माणसे, बातमीदार असोत की याचिकाकर्ते, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

पुढचे वळण

राज्यात सत्ता बदलली आणि २९ नोव्हेंबर २०१९ रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी कारशेडचे काम थांबवले. आंदोलकांवरचे खटले मागे घेण्याचे आदेश निघाले. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये कारशेड कांजुरमार्गला नेण्याची घोषणा झाली आणि आरेतली आठशेहून अधिक एकर जागा राखीव वन करण्याची प्रक्रिया सुरू झाली. पण कांजुरच्या जमिनीच्या मालकीवरून केंद्र आणि राज्य यांच्यात वाद झाला आणि डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने तिथले काम थांबवले. २०२२च्या जून अखेरीस पुन्हा सरकार बदलले आणि कारशेड आरेत परतली. पुन्हा रस्ते बंद झाले, पुन्हा फोनवर निरोप फिरले. यावेळी फांद्या छाटल्या की झाडे तोडली यावरून वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने मेट्रो कंपनीचे म्हणणे नोंदवून घेतले आणि एकही झाड तोडले तर कडक कारवाई करू, अशी तंबी दिली.

२०२२च्या नोव्हेंबरमध्ये ८४ झाडांपुरता अर्ज प्राधिकरणाकडे नेण्याची मुभा न्यायालयाने दिली. कंपनीने अर्ज केला त्याहून जास्त झाडांचा. आकड्यांतली ही तफावत न्यायालयापुढे आली ती कागदपत्रांतून. १७ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला १० लाख रुपयांचा दंड केला, मात्र काम अडू नये म्हणून १७७ झाडे हटवण्याची परवानगीही दिली. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आरे ते बीकेसी हा मेट्रो ३चा पहिला टप्पा सुरू झाला आणि एका वर्षाने गाडी कफ परेडपर्यंत पोहोचली. आज रोज तिने प्रवास करणाऱ्यांना मिळालेला दिलासा खरा आहे. प्रजापूर पाड्यातल्या ज्या कुटुंबांना आपली जागा सोडून इमारतीत जावे लागले, त्यांचे नुकसानही तितकेच खरे आहे.

हिशेब

या दहा वर्षांतून काय हाती लागले, याचा विचार करताना फोनला देव्हाऱ्यात बसवून चालणार नाही आणि खलनायक ठरवूनही चालणार नाही.

आरेच्या मुलांना एका रात्रीत एकत्र आणणाऱ्या व्हॉट्सअॅपनेच वर्षभर आधी महाराष्ट्रात माणसे मारली होती. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच निरपराध माणसांना ठेचून मारले. त्यानंतर व्हॉट्सअॅप कंपनीने एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे ढकलता येईल अशी मर्यादा भारतात घातली. खोटी बातमी कशी ओळखावी हे सांगण्यासाठी तिने पानभर जाहिराती दिल्या, त्या छापील वर्तमानपत्रांत. विश्वासाने सांगायचे तर कागदाकडे यावे लागले, यातच बरेच काही आले.

आरेतून शिकलेली तंत्रे देशभर गेली. २०२० साली केंद्राने पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नियमांचा नवा मसुदा आणला, तेव्हा ईमेलने लाखो हरकती गेल्या. पर्यावरणमंत्र्यांचा ईमेल भरून गेल्याची तक्रार दिल्ली पोलिसांकडे झाली आणि फ्रायडेज फॉर फ्यूचर, लेट इंडिया ब्रीद अशा गटांची संकेतस्थळे काही काळ दिसेनाशी झाली. छापखान्याला टाळे ठोकायला पोलिसांना एके काळी दारात यावे लागे आणि ते चार लोकांना दिसे. संकेतस्थळ बंद करायला एक आदेश पुरतो आणि वाचकाला फक्त पान उघडत नाही एवढेच कळते. ज्याच्या हातात नवे माध्यम आहे त्याला ही नाजूक बाजू ठाऊक असली पाहिजे.

सगळ्यात मोठी काळजी मात्र पुढची आहे. ‘दर्पण’ १८३२ साली निघाले, ‘केसरी’ १८८१ साली. त्या काळावर लिहिणारा अभ्यासक आजही जुन्या फायली चाळून कोणत्या तारखेला कोण काय म्हणाले हे सांगू शकतो. ४ ऑक्टोबरच्या रात्री आरेतून जे शेकडो व्हिडिओ निघाले, त्यांची अशी फाइल कुठे आहे? स्टेटस चोवीस तासांत पुसले जाते. फोन बदलला की गटातले जुने निरोप जातात. खाते बंद झाले की पोस्ट जाते. ट्विटरचे तर नावसुद्धा २०२३ मध्ये बदलले. ज्या रात्री मुंबईच्या सामान्य माणसांनी स्वतः इतिहास टिपला, त्या रात्रीचा त्यांनी टिपलेला पुरावाच सगळ्यात आधी नाहीसा होत आहे. उरतील ते न्यायालयाचे आदेश, मेट्रो कंपनीची निवेदने आणि सरकारी ठराव. पन्नास वर्षांनी लिहिला जाणारा आरेचा इतिहास त्यांच्याच चष्म्यातून लिहिला जाईल.

हे टाळता येण्यासारखे आहे आणि त्यासाठी फार मोठे तंत्र लागत नाही. महापालिकेने वृक्ष प्राधिकरणाचा प्रत्येक प्रस्ताव, प्रत्येक मत आणि प्रत्येक परवानगी संकेतस्थळावर मराठीत, प्रसिद्धीच्या तारखेसह आणि कधीही न पुसण्याच्या बोलीवर ठेवावी, आणि १५ दिवसांची मुदत त्या प्रसिद्धीपासून मोजावी. शहरातल्या ग्रंथालयांनी, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या संस्थांनी, पुस्तकांच्या शेजारी नागरिकांच्या ध्वनिचित्रफिती स्थळ, वेळ आणि टिपणाऱ्याची संमती नोंदवून जपायला घ्याव्यात. पाड्यांतल्या माणसांच्या मुलाखती त्यांच्याच भाषेत नोंदवून ठेवाव्यात. आणि ज्या वाचकाला आपल्या वॉर्डात उद्या काय होणार हे आधी कळायला हवे आहे, त्याने ते शोधून आणणाऱ्या बातमीदाराच्या श्रमाचे मोल मोजायची तयारी ठेवावी. आरेत शेकडो माणसे एका निरोपावर अर्ध्या रात्री धावली, तेव्हा त्यांच्याकडे धैर्याची कमी नव्हती. कमी पडले ते दिवस. ते मिळवायचे तर लक्ष घालायला हवे प्रस्ताव टेबलावर येतो तेव्हा, आणि तो प्रस्ताव वाचणारी माणसे शहराला पोसावी लागतील.